ढोंग आणि धडपड

दिवाळी अंक घरात आला की सगळेजण तो एकाच पानापासून उघडत नाहीत. कोणी आधी राशिभविष्य काढतो, कोणी ओळखीच्या लेखकाची कथा शोधतो, कोणी नुसत्या जाहिराती पाहतो. पण पानाच्या कोपऱ्यात छापलेले व्यंगचित्र ओलांडून पुढे जाणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही. चित्राला प्रस्तावना लागत नाही. नजर पडते, क्षणात मर्म कळते आणि हसू फुटते. ते ओसरल्यावर मात्र, आपण नेमके कोणाला हसलो आणि का हसलो, हे स्वतःला विचारण्याची सवय आपल्याला फारशी नाही. हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळतो आहे. तो मी येथे काही जुन्या, दूरदेशीच्या चित्रांच्या आधाराने मांडणार आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, चित्रकलेचे शिक्षणही मला नाही. ही चित्रे मी पुस्तकांतून पाहिली आणि अलीकडे वस्तुसंग्रहालयांनी ती संगणकावर खुली केल्यापासून शाळा सुटल्यावर पुन्हा पुन्हा पाहिली. तेव्हा हे मत चित्रकाराचे नाही. गोष्टी लिहिणाऱ्या आणि मुलांना शिकवणाऱ्या एका माणसाचे आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचकांनी ते वाचावे.

आपल्याकडे छापील चित्र घराघरांत गेले ते देवाचे चित्र म्हणून. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती भिंतीभिंतीवर विराजमान झाल्या. छापील चित्रापुढे हात जोडायचे, हा आपला पहिला संस्कार. लंडनमध्ये त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून छापील चित्राचा आणखी एक उपयोग चालू होता, आणि तो म्हणजे हसणे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, रेषांच्या चरांत शाई भरायची, ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढायचा. एका पत्र्यावर शेकडो प्रती निघत. दुकानदार नवी चित्रे खिडकीच्या काचांमागे लावून ठेवी. ज्याला परवडे तो विकत घेई, ज्याला परवडत नसे तो रस्त्यावर उभा राहून फुकट हसे. राजकारणी माणसांची टिंगल या चित्रांतून होतच असे. पण त्यांचा मोठा भाग समाजातल्या उसन्या ऐटीवर, नव्या चालीच्या वेडावर, पोकळ बडेजावावर बेतलेला असे. विल्यम होगार्थ हा या परंपरेचा मूळपुरुष.

होगार्थ 1697 साली लंडनमध्ये जन्मला. त्याचा बाप लॅटिन शिकवणारा गरीब मास्तर. त्याने पाठ्यपुस्तके लिहून पाहिली, मग जिथे गिऱ्हाइकांनी लॅटिनमध्येच बोलावे असे कॉफीगृह काढले. हा व्यवसाय चालणार नव्हता हे कोणाही मास्तराला सांगता येईल. पण मास्तराला ते स्वतःच्या बाबतीत कळत नाही. तो कर्जात बुडाला आणि कर्जदारांच्या तुरुंगात गेला. मुलाचे बालपण त्या छायेत गेले. मोठेपणी पैशाच्या व्यवहारावर या चित्रकाराची नजर इतकी तीक्ष्ण का असावी, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे त्याने उमेदवारी केली आणि कोरण्याचा हात कमावला. 1732 साली एका खेडवळ मुलीच्या शहरातल्या अधःपाताची सहा चित्रांची मालिका त्याने छापली. ती एवढी खपली की बाजारात चोरट्या नकला निघाल्या. होगार्थ पार्लमेंटकडे गेला आणि 1735 साली कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा करून घेतला. चित्रकाराला चौदा वर्षे आपल्या चित्रावर मालकी मिळाली. पुढची मालिका त्याने कायदा अमलात येईपर्यंत राखून ठेवली. मास्तराच्या पोटी जन्मलेला हा मुलगा व्यवहार शिकला होता.

त्याची सर्वांत मोठी कृती म्हणजे ‘मॅरेज अ ला मोड’, अर्थात नव्या चालीचे लग्न. मूळ सहा तैलचित्रे त्याने 1743 च्या सुमारास रंगवली, आणि 1745 साली फ्रेंच कोरक्यांकडून त्यांची छापील चित्रे करवून घेतली. ही मालिका म्हणजे सहा प्रकरणांची कादंबरी आहे, आणि कादंबरीकार म्हणून मी तिच्याकडे पाहतो तेव्हा मला तिचा हेवा वाटतो.

पहिल्या चित्रात लग्नाचा करार चालला आहे. एका बाजूला उमराव. त्याचा पाय संधिवाताने सुजून पट्ट्यांत गुंडाळलेला. पण हाताने तो अभिमानाने आपला वंशवृक्ष दाखवतो आहे, आणि त्या वृक्षाचे मूळ थेट विल्यम विजेत्यापर्यंत पोहोचले आहे. त्याच्या कुबड्यांवरसुद्धा सरदारकीचा मुकुट कोरलेला आहे. खिडकीतून दिसते ती त्याची नवी हवेली, पैशाअभावी अर्धवट राहिलेली. बडा घर पोकळ वासा, ही आपली म्हण होगार्थला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याने तीच काढली आहे. समोर शहरातला श्रीमंत व्यापारी चष्मा डोळ्यांशी नेऊन कराराचा शब्द न् शब्द वाचतो आहे. त्याला जावई नको, पदवी हवी आहे. उमरावाला सून नको, रोकड हवी आहे. आणि ज्यांचे लग्न, ती दोघे? नवरदेव आरशात स्वतःला न्याहाळतो आहे. त्याच्या मानेवर एक काळा डाग आहे, तो त्याच्या बाहेरख्याली रोगाची खूण. नवरी खाली मान घालून आपली अंगठी रुमालातून ओवीत बसली आहे, आणि एक गोडबोल्या वकील तिच्या कानाशी लागला आहे. पायाशी दोन कुत्री एकाच साखळीने जखडलेली आहेत. एकाचे तोंड एकीकडे, दुसऱ्याचे दुसरीकडे.

पुढची प्रकरणे वाचकाने चित्रांतच वाचावीत. मी फक्त तपशील दाखवतो. दुसऱ्या चित्रात घड्याळात एक वाजून गेला आहे आणि दिवाणखान्याच्या मागच्या दालनात मेणबत्त्या अजून जळताहेत. नवरा रात्रभर बाहेर घालवून खुर्चीत कोसळला आहे; त्याच्या खिशातली बाईची टोपी कुत्रे हुंगते आहे. बायको आळस देते आहे. वृद्ध कारभारी बिलांचा गठ्ठा घेऊन हताशपणे निघाला आहे, आणि त्या सगळ्यांत चुकती झालेली पावती एकच आहे. तिसऱ्यात नवरा एका पोरवयाच्या मुलीला घेऊन वैदूच्या घरी गेला आहे. चौथ्यात बाईंची सकाळची शृंगारसभा भरली आहे. इटालियन गवई गातो आहे, केशभूषा करणारा केसांत गुंतला आहे, वकीलसाहेब तक्क्याला टेकून मुखवट्यांच्या नाचाचे तिकीट पुढे करताहेत. कोपऱ्यात एक काळा पोरगा लिलावातल्या मूर्तींपैकी एकीच्या शिंगांकडे बोट दाखवून हसतो आहे. ज्याची बायको त्याला फसवते त्याला शिंगे फुटतात, असा युरोपातला जुना संकेत. त्या भरल्या घरात खरे काय चालले आहे हे एका गुलाम पोराला कळले आहे, बाकी सगळे गाणे ऐकण्यात दंग आहेत. पाचव्यात द्वंद्व होते, नवरा मरतो, वकील रात्रीच्या सदऱ्यात खिडकीतून पळतो.

आणि सहावे चित्र. बाई माहेरी, व्यापाऱ्याच्या घरी आल्या आहेत. वकिलाला फाशी झाली. त्याचे छापील शेवटचे भाषण जमिनीवर पडले आहे, त्याच्याजवळ विषाची रिकामी बाटली. दाई लहान मुलीला आईच्या तोंडाशी धरते आहे. मुलीच्या गालावर बापाचाच काळा डाग आहे आणि पायाला आधाराची पट्टी. टेबलावरचे जेवण कंजूष माणसाच्या घरचे, तेही एक हाडकुळे कुत्रे पळवते आहे. आणि बाप? बाप मरणाऱ्या मुलीच्या बोटातली अंगठी काढून घेतो आहे. आत्महत्या करणाऱ्याची मालमत्ता तेव्हा जप्त होत असे, आणि सोने जप्त होऊ नये याची त्याला काळजी आहे. पहिल्या चित्रात मुलीने जी अंगठी रुमालात ओवली होती, ती येथे परत आली आहे. सौदा पुरा झाला.

या मालिकेत होगार्थ कपड्यांना हसतो, केशभूषेला हसतो, परदेशी गवयांना आणि लिलावातल्या भंगारालाही हसतो. पण एवढ्यावर तो थांबला असता तर आपण त्याला आज विसरून गेलो असतो. तो प्रत्येक ऐटीखाली तिचा हिशेब लिहून ठेवतो. ही हवेली कोणाच्या पैशाने? हा पैसा कोणाला विकून? आणि शेवटी बिल कोणाच्या नावावर? त्याचे उत्तर शेवटच्या चित्रातल्या त्या पोरीच्या गालावर आहे. लग्न ठरवताना ती जन्मालाही आली नव्हती. मूळ सहा चित्रे 1751 साली अवघ्या 120 गिनींना गेली. आज ती लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, आणि 1824 साली ती गॅलरी ज्या संग्रहातून उभी राहिली त्यातच ती होती.

होगार्थनंतर हा धंदा वाढला, आणि धंदा वाढला की माल हलका होतो. 1770 नंतरच्या काही वर्षांत लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर मॅथ्यू आणि मेरी डार्ली या जोडप्याचे दुकान गाजत होते. इटलीची सफर करून आलेले श्रीमंत तरुण तिकडची शेवयांसारखी मॅकरोनी आवडीने खात आणि तिचे कौतुक करीत, म्हणून त्यांना ‘मॅकरोनी’ म्हणत. डोक्यावर उंचच उंच टोप, त्यावर चिमुकली टोपी, अंगाला घट्ट बसणारे कपडे. डार्लींनी 1771 ते 1773 या काळात अशा मॅकरोनींच्या चित्रांचे संचच्या संच काढले. वकील मॅकरोनी, पाद्री मॅकरोनी, सैनिक मॅकरोनी. कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणा करून आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स हासुद्धा त्यांतून सुटला नाही. ही चित्रे आजही गंमतीची वाटतात. 1774 सालचे एक चित्र तर आपल्या घरचे वाटावे असे आहे. खेड्यातला रांगडा बाप शहरातून परतलेल्या मुलाच्या डोक्यावरचा मनोरा पाहून, हा माझाच का टॉम, असे विचारत उभा आहे. केसांची चाल घरोघर बदलते. तो बाप मात्र प्रत्येक पिढीत तसाच उभा राहतो. या हसण्यात विष नाही. पण त्यात पोषणही फार नाही. टोप उतरला की विनोद संपला.

खरी अडचण पुढे येते. जेम्स गिलरे हा त्या काळचा सर्वांत समर्थ व्यंगचित्रकार. त्याच्या कोरणीला राजा काय आणि नेपोलियन काय, सगळे सारखेच. त्याने 1809 साली छापलेले एक चित्र आहे. एक शेतकरी आणि त्याची बायको, शाळेतून परत आलेल्या आपल्या बेटीचे गुण शेजाऱ्यांना दाखवताहेत. बेटी पियानोवर बसली आहे, आईबाप फुलून गेले आहेत. नेपोलियनशी युद्ध चालू होते, धान्याचे भाव चढले होते, आणि शेतकऱ्यांच्या हातात दोन पैसे खुळखुळत होते. त्या पैशातून त्यांनी मुलीला शाळेत घातले आणि घरात पियानो आणला. लंडनच्या उच्चभ्रू वस्तीतल्या गिऱ्हाइकाला याचे हसू आले. शेणाच्या हाताला पियानो! चित्र कौशल्याने काढलेले आहे, गर्दी मजेची आहे. आणि तरीही मी ते पाहतो तेव्हा माझे हसू ओठांवर येऊन थांबते.

का थांबते, हे नीट सांगितले पाहिजे. होगार्थच्या उमरावाजवळ सगळे होते, आणि जे उरले नव्हते त्याचे तो सोंग करीत होता. त्या सोंगासाठी त्याने पोटच्या पोराचा सौदा केला. हे ढोंग. बेटीच्या बापाजवळ काही नव्हते, आणि जे नव्हते ते मिळवण्याचा तो प्रयत्न करीत होता. त्यासाठी त्याने स्वतःच्या शेतातला पैसा खर्च केला, दुसऱ्या कोणाचे काही घेतले नाही. ही धडपड. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, कारण दोन्हींत अंगाला न बसणारे कपडे असतात, न पेलणारी वस्तू असते, चुकीचा उच्चार असतो. सोंग घेणारा आणि शिकणारा, दोघेही आधी अनुकरणच करतात. डोळ्याला फरक दिसत नाही, तो हिशेबात कळतो. आणि व्यंगचित्र ही तर डोळ्याची कला; म्हणून तिच्यात ही फसगत फार सहज होते.

फ्रान्समधले उदाहरण याहून बोलके आहे. ओनोरे दोमिये हा गिलरेनंतरचा थोर माणूस, शिळाछापाचा बादशहा. फ्रान्सचा राजा लुई फिलीप प्रजेचा पैसा गिळतो आहे असे चित्र त्याने 1831 साली काढले आणि 1832 साली सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. 1835 साली सरकारने कायदा करून चित्रांवर आधीच परवानगी घेण्याची सक्ती केली. राजाला हसण्याची वाट बंद झाली, तेव्हा दोमिये आणि त्याचे ‘शारिवारी’ हे पत्र समाजाच्या चालीरीतींकडे वळले. लोभी वकील, फसवे दलाल, सुस्त मध्यमवर्ग यांची अजरामर चित्रे यातूनच आली, हे खरे. पण 1844 साली त्याच लेखणीने चाळीस चित्रांची एक मालिका काढली ती लिहिणाऱ्या बायकांवर. त्यांतल्या एका चित्रात बाई टेबलाशी लेखनात तल्लीन झाली आहे आणि मागे तिचे मूल डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत पाण्याच्या टबात पडले आहे. रेषा अप्रतिम. पण विचार काय? बाईने लेखणी धरली की मूल बुडणार. राजाने तोंड दाबल्यावर हसणाऱ्याला घरातलीच बाई सापडली. जिथे हसल्यास तुरुंग आहे तिथून हसू सरकते आणि जिथे हसल्यास काहीच होत नाही तिथे जाऊन बसते. हसूसुद्धा पाण्यासारखे उताराकडे धावते, असे मला हे चित्र पाहताना वाटते.

आता आपल्या देशात येऊ. ज्या 1809 साली गिलरेने बेटीचे चित्र छापले, त्याच साली कलकत्त्याला कालीघाटचे आजचे देऊळ पुरे झाले. देवळाच्या आसपास वसलेले पटुआ यात्रेकरूंना विकण्यासाठी गिरणीच्या स्वस्त कागदावर देवदेवतांची चित्रे भराभर काढीत. हळूहळू त्यांच्या कुंचल्याखाली शहरातला नवा बाबू आला. पायांत पंपशू, केस विलायती पद्धतीने वळवलेले, हातात हुक्का, बूड खुर्चीवर. बटतला भागातल्या छापखान्यांनी हेच विषय लाकडी ठशांवर कोरून छापले. एका चित्रात बाबूचे मेंढरू झाले आहे आणि एक बाई त्याला दोरीने ओढून नेते आहे. दुसऱ्या एका चित्रात कपाळी वैष्णवाचा टिळा लावलेली मांजर तोंडात मासा धरून बसली आहे. धार्मिक ढोंगावर इतकी थोडक्यात केलेली टीका मी गद्यात वाचलेली नाही. ही चित्रे जमवणाऱ्यांत जॉन लॉकवुड किपलिंग होता. तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवीत असे, आणि त्याचा संग्रह त्याच्या मुलाने, लेखक रुडयार्ड किपलिंगने, 1917 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिला.

पण त्याच पटुआंनी आणखी एक चित्र पुन्हा पुन्हा काढले आहे. नव्या चालीची बायको नवऱ्याला झाडूने बडवते आहे, त्याला पायाखाली तुडवते आहे. कलियुग आले, बायका शेफारल्या, हा त्याचा आशय. ज्या काळात बंगालमधल्या मुलींनी नुकती अक्षरे गिरवायला घेतली होती, त्या काळातले हे चित्र. मार प्रत्यक्षात कोण खात होते, ते चित्रात नाही. मांजराच्या चित्रात पटुआने डोळे उघडून पाहिले. झाडूच्या चित्रात त्याने गिऱ्हाइकाची भीती विकली. एकाच हाताची दोन चित्रे, पण त्यांची जात निराळी.

याच शहरात पुढे गगनेंद्रनाथ टागोर झाले. रवींद्रनाथांचे हे पुतणे. जन्म 1867, मृत्यू 1938. 1917 साली ‘विरूप वज्र’ आणि ‘अद्भुत लोक’, आणि 1921 साली ‘नव हुल्लोड’ असे त्यांचे शिळाछाप व्यंगचित्रांचे संच निघाले. साहेबी थाटाचे बाबू, मद्य-मांस खाऊन पावित्र्य मिरवणारे धर्माधिकारी, हे त्यांचे विषय. त्यांतल्या एका चित्राचे नाव आहे ‘जाँतासुर’. प्रचंड जाते फिरते आहे, वर शास्त्राचा अधिकारी बसला आहे, आणि खाली माणसे भरडली जाताहेत. बंगालीत जाँता म्हणजे जाते आणि जात म्हणजे जातच. मराठी वाचकाला ही कोटी समजावून सांगावी लागत नाही, आणि लागत नाही याचेच वाईट वाटते. मला या माणसाचे विशेष वाटते ते असे की, तो ज्यांना हसला ते त्याच्याच दिवाणखान्यात बसणारे लोक होते. जमीनदार घराण्यात जन्मलेल्या माणसाने रस्त्यावरच्या माणसाकडे बोट न दाखवता आपल्याच पंगतीकडे दाखवले.

मराठीत आपण काय केले? छापील चित्रांपेक्षा आपल्याकडे हे काम प्रहसनांनी अधिक केले. हुजूरपागेची मुलींची शाळा पुण्यात 1884 साली सुरू झाली, आणि दोनच वर्षांत, 1886 साली, ना. बा. कानिटकरांचे ‘तरुणी शिक्षण नाटिका’ हे शिकलेल्या बायकांची टर उडवणारे नाटक आले. त्याच 1886 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. नाटक त्या काळी रंगलेही असेल. पण काळाने हसू कोणाच्या पदरात टाकले, हे आता सांगावे लागत नाही.

हे सगळे जुने म्हणून सोडून देता आले असते तर मी हा लेख लिहिला नसता. माझ्या वर्गात असे कितीतरी मुलगे आणि मुली येतात की त्यांच्या घरातले पहिले पुस्तक तेच आणतात. त्यांचे आईबाप स्नेहसंमेलनाला येतात तेव्हा नवा कोट घालतात. तो खांद्यात सैल असतो, बाहीवरचे दुकानाचे लेबल काढायचे राहिलेले असते. पालक बोलताना मध्येच एखादा इंग्रजी शब्द घालतात, तो चुकतो. अशा एका संमेलनानंतर शिक्षकांच्या खोलीत एका बापाची हुबेहूब नक्कल झाली होती, आणि ती उत्तम झाली होती. सगळे हसले. त्या बापाने मुलीच्या फीसाठी गाय विकली होती, हे खोलीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होते. त्याच संमेलनात उसन्या पैशाने शाल-श्रीफळ वाटून मोठेपणा मिरवणारे एक प्रतिष्ठित गृहस्थ व्यासपीठावर होते. त्यांची नक्कल कोणी केली नाही. दोमियेच्या बाबतीत कायदा होता. आमच्या खोलीत कायदाही नव्हता.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही विनोदाला शिस्त लावायला निघालात. हसण्यापूर्वी ज्याला हसायचे त्याचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र पाहायचे काय? गरिबाला सगळे माफ आणि श्रीमंताला काहीच नाही, असा नियम केला तर विनोदाची पोथी होईल. आक्षेप खरा आहे. गरिबीत ढोंग नसते असे मी म्हणत नाही. कर्ज काढून केलेली लग्ने मी माझ्या गावात पुष्कळ पाहिली आहेत. होगार्थचा व्यापारी तरी कोण आहे? तोही खालून वर चढणाराच. होगार्थ त्याला सोडत नाही आणि मलाही त्याची कीव येत नाही. पण होगार्थ त्याच्या चढण्याला हसत नाही. त्याचे उच्चार, त्याचा चष्मा, त्याची व्यापारी राहणी ही हसण्याची कारणे नाहीत. चढताना त्याने पायाखाली कोणाला घेतले, ते चित्रकार दाखवतो. आणि पायाखाली त्याची मुलगी आहे. म्हणून कसोटी पैशाची नाही, जन्माचीही नाही. या ऐटीचे बिल कोण भरतो, एवढाच प्रश्न आहे. भरणारा स्वतःच असेल तर ती धडपड. तिला हसायचे असेल तर मायेने हसावे, जसा तो 1774 मधला बाप टॉमकडे पाहतो. भरणारा दुसरा कोणी असेल तर ते ढोंग. तिथे दयामाया नको. तिथे चित्रकाराने कोरणी खोल घालावी.

या कसोटीने कलेचे काही नुकसान होत नाही, उलट तिचा फायदाच होतो. डार्लींचे मॅकरोनी टोपाबरोबर गेले, बेटीचे चित्र अभ्यासकांच्या कपाटात राहिले, पण ती साखळीतली दोन कुत्री, ती टिळ्याची मांजर, ते फिरणारे जाते आजही ताजी आहेत. त्यांना समजायला 1745 सालची केशभूषा माहीत असावी लागत नाही. चाल बदलते, हिशेब बदलत नाही. जो चित्रकार चालीवर थांबतो तो चालीबरोबर शिळा होतो. जो तिच्याखालचा हिशेब वाचतो तो पुढच्या पिढ्यांनाही नवा वाटतो.

या दिवाळीतही अंकांतून चित्रे येतील. मोठ्या हॉटेलात चुकीचा पदार्थ मागवणारा खेडवळ, इंग्रजी चुकणारी आई, नव्या मोटारीपुढे आरती ओवाळणारे कुटुंब, असे विषय पानोपानी भेटतील. वाचकांनी जरूर हसावे. सणासुदीला कोणाचे हसू हिरावून घेण्याची माझी इच्छा नाही. फक्त हसताना गिलरेचे आणखी एक चित्र आठवावे, 1808 सालचे. त्यात हॅना हम्फ्री या बाईंचे लंडनमधले चित्रांचे दुकान दिसते. खिडकीच्या काचांमागे नवी व्यंगचित्रे लावली आहेत, बाहेर माणसे दाटीने उभी राहून ती पाहताहेत, हसताहेत. त्यांच्या पाठीमागे, ओल्या निसरड्या फरसबंदीवर, एक म्हातारा घसरून पडला आहे. काचेकडे तोंड केलेल्यांपैकी एकानेही मान वळवलेली नाही.